डब्यांवरची नावं

पनवेल
५ फेब्रुवारी २०२५

स्नेहल,

शेवटची हार्ड डिस्क पिशवीत टाकत होते तेव्हा चारुदत्त सर प्रयोगशाळेत आले. त्यांच्यामागे दोन माणसं होती. पिशवी भाजीची होती, वर मेथीची जुडी होती. मी जुडी नीट केली आणि उभी राहिले.

"ह्या आमच्या वल्लरी मॅडम," सर म्हणाले. "करंजा बंदराचे सगळे आवाज यांच्या ताब्यात."

एकाने नमस्कार केला. दुसऱ्याने कपाटाकडे पाहिलं. कपाट उघडं होतं आणि खालचा खण रिकामा होता.

"घरी काम करता वाटतं," तो म्हणाला.

"बॅकअप घेत होते."

"घेऊन झालं की परत ठेवा." हे तो हसून म्हणाला. मग म्हणाला, "स्नेहलने पाठवलेली सुकट तुमच्या आईला खारट लागली म्हणे. भाजायच्या आधी एकदा धुवायची. माझी बायको मालवणची आहे."

स्नेहल, सुकटीचं मी फक्त तुला लिहिलं होतं. विद्यापीठाच्या मेलवरून.

म्हणून हे कागदावर. तुझी भामाआत्या मासळी घेऊन इथल्या बाजारात आली की तिच्याकडे देईन, तूही तिच्याबरोबरच पाठव. फोन नको. मेसेजही नको.

ही माणसं एका कंपनीची आहेत. कंपनी नौदलांना यंत्रं विकते, आपल्या आणि बाहेरच्याही. त्यांना आपल्या नोंदी हव्या आहेत. आपण त्या ढोमी माशासाठी घेतल्या होत्या. होड्यांच्या आवाजाने मासा किनाऱ्यापासून दूर जातो का, एवढंच पाहायचं होतं. प्रत्येक होडीला तिच्या नावाचा डबा दिला, डब्याचा माईक पाण्यात सोडला, मशीनचा आवाज भरून घेतला. मग मी लेख लिहिला आणि त्यात म्हटलं की प्रत्येक होडी नुसत्या आवाजावरून ओळखता येते. मला त्या ओळीचा अभिमान होता. त्या माणसाने लेखाची छापील प्रत आणली होती. त्याच ओळीखाली रेघ मारलेली होती.

डिस्क मी कपाटात परत ठेवल्या. ते तिघेही पाहत होते. मेथी घेऊन घरी आले.

वल्लरी


करंजा
७ फेब्रुवारी

ताई,

आत्या म्हणाली, "मी काय पोस्टमन हाय? कागदाला बोंबलाचा वास लागला तं मला बोलू नको." लागला असेल. तिला मी काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही, म्हणजे तिला कळलं आहे.

बाबांना मात्र सांगितलं. ते जाळं शिवत होते. त्यांनी सुई थांबवली नाही, म्हणाले, "सोसायटीच्या हॉलात मी इचारला व्हता."

विचारलं होतं, तुला आठवत असेल. डबे टेबलावर मांडलेले होते. होड्यांचे सगळे तांडेल भिंतीला टेकून उभे होते, कोणी पुढे येत नव्हतं. बाबा म्हणाले, "बाय, ह्यो डबा आमचं मशीन आयकनार. उद्या कोनी आमालाच शोधाया वापरला तं?" तू प्रकल्पाचा कागद काढून वाचलास. या संशोधनाचा कोणताही भाग युद्धासाठी अथवा शस्त्रासाठी वापरला जाणार नाही. म्हणालीस, हे वाक्य मी स्वतः घातलंय, विद्यापीठाने मान्य केलंय. कोणीतरी मागून म्हणालं, कागद काय, कागद भिजतो. तेव्हा तू म्हणालीस, "मग माझा शब्द धरा."

तो धरून त्यांनी डबे उचलले. डबे वाटले मी. तुझी सहायक म्हणून, आणि त्यांच्यातली म्हणून.

आणखी एक. काल धक्क्यावर एक माणूस आला होता. पुढच्या आठवड्यात एक दिवस बाबांची होडी, जलदेवी, भाड्याने हवी आहे. त्याने दाखवलेल्या रेषेवरून जायचं आणि यायचं, बस. मी विचारलं, कशासाठी? म्हणाला, पाण्याचा सर्व्हे. आमचा परेश जवळच उभा होता. (माझा चुलतभाऊ, तू त्याच्या होडीत उलटी केली होतीस तो.) तो म्हणाला, "पानी हाय का नाय ते बगायला येवडी मानसं?" सगळे हसले. तो माणूसही हसला. मग त्याने परेशचं पूर्ण नाव विचारून घेतलं.

बाबांनी होकार दिला आहे. तू सांगशील तर नाही म्हणतील.

एकच विचारते. नोंदी द्यायला तू सही केलीस का? सहीशिवाय ते कपाटापर्यंत आले नसते.

स्नेहल


पनवेल
९ फेब्रुवारी

स्नेहल,

काल सरांनी मला बरोबर चालायला बोलावलं. खेळाच्या मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. सर वाईट माणूस नाहीत हे तुलाही माहीत आहे. तुझ्या फीची तारीख उलटली तेव्हा त्यांनीच कुलसचिवांकडे जाऊन सांगितलं होतं.

"समुद्राच्या तळाशी पडून राहणारं यंत्र आहे," ते म्हणाले. "महिनोन् महिने नुसतं ऐकत पडतं. वरून किती मशीनं जातात. हवा तो आवाज आला की जागं होतं."

"आणि मग?"

"मग त्याचं काम करतं."

"सर, आपलं वाक्य आहे."

"आहेच. पण तू सरळ विचार कर. यंत्र होणारच आहे, तुझ्या माझ्या परवानगीसाठी थांबलेलं नाही. तुझ्या नोंदी नसल्या तर त्याला घुसखोराची बोट आणि स्नेहलच्या वडिलांची, भगवान तांडेलाची होडी सारखीच. तुझ्या नोंदी म्हणजे कोणाला सोडायचं याची ओळख. हे शस्त्र नाही वल्लरी, ही शस्त्राला घातलेली वेसण आहे."

घरी येईपर्यंत मला त्यांचं पटलं होतं.

सर्व्हे म्हणतात तो या यंत्राच्या चाचणीचा आहे. गुरुवारी. अशी चार-पाच यंत्रं तळाशी लांबलांब ठेवली आहेत, एकातही स्फोटक नाही. यंत्र जागं झालं की एक तरंगता गोळा वर येतो आणि नारिंगी धूर सोडतो. ठरलेल्या एका होडीपाशीच तो यायचा आहे, बाकी होड्यांना नेहमीसारखं जाऊ देणार. धोका नाही. बाबांना जाऊ दे. नाही म्हटलं तर उलट लक्ष जाईल.

शुक्रवारी मी विद्यापीठात असताना घरी इंटरनेट दुरुस्त करायला माणूस आला होता. आम्ही तक्रार केली नव्हती. आईने त्याला आत घेतलं, चहा दिला. "किती सभ्य मुलगा," ती म्हणाली. "चपला बाहेर काढल्या. तुझी पुस्तकं बघून म्हणाला, ताई फार वाचतात." मी तो प्लग काढून ठेवला आहे. आई चिडली, तिची मालिका बुडते.

सहीचं विचारलंस, त्याचं पुढच्या वेळी लिहीन.

वल्लरी


करंजा
१४ फेब्रुवारी

मॅडम,

काल धूर निघाला.

बाबांच्या होडीत कंपनीचे दोघे बसले होते. एक जण बाबांना म्हणाला, "काका, आज तुम्ही शत्रू." बाबांना वाटलं चेष्टा करतो. ते रेषेवरून गेले. काही झालं नाही. वळून परत आले. काही झालं नाही. पुन्हा गेले. तो माणूस फोनवर कोणावर तरी ओरडायला लागला.

परेश तिथून बराच लांब होता, पश्चिमेला, डोल जाळं ओढत. त्याच्या होडीच्या कडेला पाणी फुगलं आणि गोळा वर आला. त्याला वाटलं होडीलाच आग लागली. गणू खलाशी कपड्यांसकट पाण्यात उडी मारून मोकळा झाला. जाळ्याचा दोर त्याच्या पायात अडकला. परेशने जाळं कापलं, नवीन होतं, आणि त्याला ओढून घेतलं. तोवर गणू पाणी प्यायला होता. धूर वाऱ्याने धक्क्यापर्यंत आला. बायका लिलाव टाकून पळत आल्या. कोणाची होडी, कोणाची होडी, एवढंच सगळ्या विचारत होत्या.

गणू घरी आहे. त्याला हाक मारली तर तो दचकतो. बशीतला चहा तोंडापर्यंत नेऊ शकत नाही, सांडतो.

बाबा किनाऱ्याला लागले आणि वाळूत बसले. मला म्हणाले, "परेशच्या व्हडीपाशी कशाला?" मी म्हटलं, मला काय माहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काल जेवले नाहीत. आज जलदेवी गेली नाही.

तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं होतं. धोका नाही, हेसुद्धा. कोणाला सोडायचं याची ओळख, हेसुद्धा. मग परेशला का नाही सोडलं?

सहीचं तुम्ही लिहिलं नाहीत. नाही लिहिलंत यातच मी समजले.

स्नेहल


पनवेल
१६ फेब्रुवारी

स्नेहल,

सही केली. जानेवारीत.

कागदावर 'सागरी सुरक्षा' असं लिहिलं होतं. माझी नेमणूक मार्चपर्यंतची आहे, पुढच्या नेमणुकीचा कागद त्याच फाइलमध्ये होता. सरांनी तसं बोलून दाखवलं नाही. दाखवायची गरज नव्हती. मी सही केली आणि त्याच आठवड्यात नोंदींची प्रत गेली. मी डिस्क पिशवीत भरत होते तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तरी भरत होते.

मला 'मॅडम' म्हण. पण पुढचं वाच.

यंत्राला जलदेवीच्या डब्यातला आवाज शिकवला होता. तो आला की जाग, बाकी कोणासाठी नाही. ते परेशसाठी जागं झालं. मी काल प्रयोगशाळेत बसून जलदेवीचा डबा पुन्हा ऐकला. गणपतीत परेशच्या होडीच्या पंख्याचं पातं तुटलं होतं आणि उरणला वेल्डिंग करून आणलं होतं. तेव्हापासून त्याची होडी किंचित लंगडते, ठक-ठक-ठ, ठक-ठक-ठ. तू मला दाखवलं होतंस. ते लंगडणं जलदेवीच्या डब्यात आहे. यंत्र चुकलं नाही. डब्यावरचं नाव चुकीचं आहे.

डबे बदलले होते का? दोनच की सगळे?

उत्तर लिहू नकोस. मला कळलं नाही तर मला सांगता येणार नाही. सरही आज ना उद्या ऐकत बसतील. त्यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.

गणूला कसं आहे ते मात्र लिही.

वल्लरी


करंजा
१९ फेब्रुवारी

ताई,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहिते. तुला न सांगता ठेवलं तर तू आणखी एखादं पत्र पाठवशील की धोका नाही.

सगळे बदलले होते.

बाबांनी रविवारी सांगितलं. हॉलमधून तू गेलीस, मी तुला रिक्षापर्यंत सोडायला आले, तेवढ्यात. बाबा म्हणाले, "आपल्या नावाचा डबा आपल्या व्हडीत नको." कोणी का म्हणून विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत. आजीची पहिली मुलं जगली नव्हती. बाबा झाले तेव्हा तिने त्यांना शेजारच्या घरातून आत घेतलं आणि पाच वर्षं शेजारच्या मुलाच्या नावाने हाक मारली. न्यायला येणारा चुकीच्या दारात जावा म्हणून. आमच्या आळीत अजून आजारी मुलाला त्याच्या नावाने उठवत नाहीत. तसेच डबे. याचा त्याला, त्याचा याला. बाबांनी आपला परेशला दिला आणि परेशचा तिसऱ्या कोणाला. कोणी कोणाला दिला ते सगळ्यांना तोंडपाठ आहे.

मी म्हटलं, बाबा, ताईंनी शब्द दिला होता.

"तुजी ताई चांगली हाय," ते म्हणाले. "पन डबा तिच्या हातात किती दिस ऱ्हाईल?"

मला का नाही सांगितलंत?

"तुला सांगितला असता तं तू तिला सांगितला असतास."

ते खरं आहे.

आता ते वेगळंच बोलतात. "न्यायला आलेला चुकीच्या दारात गेला खरा. पन त्या दारात परेश व्हता." दिवसभर तेवढंच. परेश येऊन बसतो, म्हणतो, "काका, मी जिता हाय, माज्याकडं बगा तरी." ते बघत नाहीत. त्यांना विद्यापीठात येऊन सगळी खरी नावं सांगायची आहेत. ज्याचं त्याला लागू दे, म्हणतात. निम्मं गाव त्यांच्या बाजूने आहे. कोणालाच दुसऱ्याच्या नावाने मरायचं नाही आणि दुसऱ्याला मारायचंही नाही. निम्मे म्हणतात, खरी नावं दिली तर गोळा बरोबर आपल्याच खाली येईल. काल सोसायटीत हाणामारी होता होता राहिली.

मी त्यांना काय सांगू?

गणू हाक मारली की अजून दचकतो. पण आज त्याने चहा सांडला नाही.

स्नेहल


पनवेल
२१ फेब्रुवारी

स्नेहल,

बाबांना थांबव. खरी नावं देऊ नका. एकही नाही.

तुझं पत्र वाचून विद्यापीठात गेले, तर सर कानाला हेडफोन लावून बसले होते. मला खूण करून बसायला सांगितलं. आवाज संपेपर्यंत ऐकलं.

"हा लंगडा कोण?" ते म्हणाले.

"माहीत नाही."

"माहीत आहे. असू दे. दुरुस्ती करून टाकू. स्नेहलला घेऊन धक्क्यावर जा, पुन्हा डबे लाव, या वेळी तू स्वतः. कंपनी थांबायला तयार आहे."

"गाव नाही म्हणालं तर?"

"तर ती फसवणूक होते. डबे वाटणारी सहायक कोण होती?" त्यांनी फाइल उघडली. तुझ्या नेमणुकीचा कागद वरच होता, फोटोसकट. "मुलगी लहान आहे. लग्न ठरलंय ना तिचं? नागोठण्याला?"

तुझं लग्न ठरलं हे तू मला भेटकार्डाच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहून कळवलं होतंस, दिवाळीत. मी कोणालाही सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही. ते पाकीट घरी माझ्या पुस्तकात आहे.

सरांनाही भीती वाटते आहे, स्नेहल. फाइल बंद करताना त्यांच्या बोटांचे ठसे पुठ्ठ्यावर ओले उमटले. त्यांच्या भीतीची मला जास्त भीती वाटली.

मैदानावर मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. उत्तर आता सुचतं आहे. सोडायला जी ओळख लागते तीच शोधायला लागते. आज यंत्राला सांगतील, भगवान तांडेलाला सोड. ते विकलं गेलं की घेणारा सांगेल, त्यालाच धर. त्यासाठी यंत्रात काहीच बदलावं लागत नाही. आज ते चुकतं म्हणून परेश घाबरला. बरोबर झालं की घाबरायलाही वेळ मिळणार नाही, त्याला किंवा दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावरच्या कोणाला.

कंपनी उद्या स्वतः येऊन आवाज भरू शकेल, हे खरं. पण मग ती तुमच्या डोळ्यांसमोर येईल आणि तुम्हाला नाही म्हणता येईल. या वेळी ती माझ्या शब्दाआडून आली.

उद्या शनिवारी विद्या परिषदेची बैठक आहे. सर विषय मांडणार आहेत. तू येऊ नकोस. बाबांना येऊ देऊ नकोस. मशीन बिघडलं म्हण, पाय मुरगळला म्हण.

वल्लरी


पनवेल
२२ फेब्रुवारी

स्नेहल,

तुम्ही दोघं गेटवर होता. मला वरच्या खिडकीतून दिसलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वॉचमनने आत सोडलं नाही त्याबद्दल मी त्याचे आभार मानले, मनात. आत काय झालं ते लिहिते. तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.

लांब टेबल. कुलगुरू मध्ये. कंपनीचा तो माणूस एका टोकाला, पाहुणा म्हणून. माझी पाळी आली तेव्हा मी युद्धासाठी न वापरण्याचं ते वाक्य वाचलं. एक प्राध्यापक म्हणाले, "हो हो, ते असतंच सगळ्या प्रस्तावांत." दुसरे म्हणाले, "मॅडम, देशाचं काम म्हणजे युद्ध नव्हे." मी म्हटलं, मग ते वाक्य काढून टाका आणि करंज्याला जाऊन सांगा. समोसे आले. ते वाटून होईपर्यंत थांबावं लागलं.

मग सर उठले. नोंदी सदोष आहेत, म्हणाले. डब्यांची अदलाबदल झाली आहे. गावातल्या लोकांनी आणि प्रकल्प सहायकाने मिळून केली असावी. सहायकाविरुद्ध तक्रार नोंदवावी आणि नोंदी दुरुस्त करून घ्याव्यात, अशी शिफारस आहे. त्यांनी तुझं पूर्ण नाव वाचलं. वडिलांच्या नावासकट.

मी म्हटलं, "डबे मी बदलले."

कुलगुरूंनी चष्मा काढला. "कधी?"

"डबे परत आल्यावर. नावाच्या पट्ट्या मीच लावल्या होत्या. काढून भलत्याच डब्यांवर लावल्या."

"का?"

"ओळख जुळू नये म्हणून. मी गावाला शब्द दिला होता."

"आणि लेख छापलात? खोट्या नावांवर?"

"हो."

"बरोबर जोड्या कुठे आहेत?"

"कुठेच नाहीत. लिहून ठेवल्या नाहीत."

सरांना माहीत होतं की मी खोटं बोलते आहे. परत आलेले डबे उघडताना ते माझ्या शेजारी बसले होते. पट्ट्या जागच्या जागी होत्या, एक तर त्यांनीच लावलेली, वाकडी. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी तोंड उघडलं असतं तर तुझं नाव पुन्हा टेबलावर आलं असतं. त्यांनी समोरचा ग्लास उचलला, पाणी प्यायले आणि खाली बसले.

कंपनीच्या माणसाने लॅपटॉप मिटला. "मग याचा आम्हाला उपयोग नाही," तो म्हणाला.

ठराव झाला. नोंदी सदोष, करार रद्द, लेख मागे, माझी नेमणूक आजपासून संपली. हे काम या विद्यापीठात पुन्हा घेतलं जाणार नाही असंही लिहिलं आहे. ठरावात ते वाक्य नाही. काम वाक्यामुळे बंद झालं नाही, मी लबाड ठरले म्हणून बंद झालं. माझ्या विद्यार्थ्यांना हेच सांगितलं जाईल. त्यांना तू काही सांगू नकोस.

जिन्यात तो माणूस माझ्याबरोबर उतरला. "मॅडम, तुमच्या क्षेत्रात याला चूक म्हणत असतील," तो म्हणाला. "आमच्या क्षेत्रात वेगळा शब्द आहे. उद्या घरी असाल ना?"

मी म्हटलं, असेन.

आईला दुपारीच आपटा गावी मामाकडे पाठवलं. मालिका बघता येईल म्हटलं, लगेच निघाली. घरात कोणी नाही. फ्रिज मध्येच घरघरतो आणि मी उभी राहते. मी कधी खोटं छापलं नव्हतं, आणि जे एकदाच खोटं बोलले ते चांगलं बोलता आलं. याचीही भीती वाटते.

बाबांना सांग, आता कोणाला खरी नावं नको आहेत. त्यांनी शर्ट उतरवावा आणि जेवावं. कोणी विचारायला आलं तर तू फक्त डबे वाटलेस. पट्ट्या मॅडमनी लावल्या. तेवढंच म्हणायचं, सगळ्यांनी, सारखंच. आधी पाठ करून घे. परेशकडून विशेष. त्याला विनोद सुचतात.

हे पत्र बाजारात बर्फवाल्याकडे ठेवते. आत्याला उद्या माझ्या घराकडे येऊ देऊ नकोस. आणि तू मला परत लिहू नकोस. या वेळी ऐक.

तुझी
वल्लरीताई


दुसऱ्या दिवशी सकाळी पनवेलला वल्लरीच्या इमारतीखाली कंपनीच्या त्या माणसाची गाडी येऊन थांबली. ती एकटीच जिना उतरली आणि गाडीत बसली. करंज्याला कोणी आलं नाही. होड्या नेहमीच्या वेळी निघाल्या. परेशची सगळ्यांत शेवटी निघाली.